निकम मॅडमचं खरं

निकम मॅडम मला आधी ऐकू आल्या, मग दिसल्या.

"सरका, सरका! रक्त हाय!"

रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेर एक लांबलचक बोळ होता. पेशंटचे नातेवाईक तिथं सतरंज्या टाकून बसलेले असायचे. त्यांचे पाय, पिशव्या, पाण्याचे कॅन ओलांडत एक पन्नाशीची बाई झपझप येत होती. सुती साडी, वर पांढरा ॲप्रन, पायात पळायचे बूट आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला स्टीलचा डबा. भिंतीशी बसलेल्या एका म्हातारीला वाटलं, कोणाचं तरी जेवण आलं. तिनं विचारलं, "बाई, डबा कोणाचा?"

"तुमच्याच माणसाचा हाय, आजी. पण खायचा नाय," असं न थांबता म्हणत ती बाई जिन्यावरून दिसेनाशी झाली.

डब्यात कापूस असायचा आणि कापसात रक्ताच्या नळ्या. प्रयोगशाळा आवाराच्या दुसऱ्या टोकाला, आणि आमच्या औरंगाबादचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. नळ्या बर्फात ठेवल्या तर रक्तातल्या पेशी गारठून वेगळ्याच वागतात, उन्हात नेल्या तर भाजतात. म्हणून हा डबा. शिपायाच्या हाती तो कधी दिला जात नसे. शिपाई वाटेत चहा प्यायला थांबतो, असं मॅडमचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं.

त्याच दिवशी अर्ध्या तासानं मी मुलाखतीच्या खोलीत गेले, तर टेबलापलीकडे तीच बाई. शेजारी विभागप्रमुख डॉ. सोनवलकर. जागा संशोधन सहायकाची होती. विषय जाहिरातीत लांबलचक दिला होता: गंभीर इजेनंतर शरीराच्या प्रतिकारशक्तीत होणारे बिघाड. सोनवलकर सरांनी गोड आवाजात माझे मार्क विचारले, वडील कुठल्या बँकेत होते ते विचारलं, लग्नाचा इतक्यात विचार नाही ना तेही विचारलं. मॅडमनी एकच प्रश्न केला. "समज, काल तू केलेला प्रयोग फसला. कोणाला कळलेलं नाही. आज काय करशील?"

"पुन्हा करीन," मी म्हटलं.

"आधी सांगशील. मग पुन्हा करशील," त्या म्हणाल्या आणि माझा अर्ज उलटा ठेवला. मला वाटलं, गेली जागा. दुसऱ्या दिवशी फोन आला.

काम समजावून सांगताना त्यांनी पुस्तक उघडलं नाही. माणसाला मोठी इजा झाली की पहिल्यांदा त्याची प्रतिकारशक्ती खवळते. अंग तापतं, सुजतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यानंतर काही जणांत उलटंच घडतं. तीच शक्ती गप्प बसते. बाहेरून जखम भरत असते, माणूस चहा मागतो, बायकोवर चिडतो, आणि आत रक्तातल्या राखणदार पेशी हात बांधून बसलेल्या असतात. अशा वेळी एखादा फालतू जंतू आत शिरला तरी पुरतो. लोक म्हणतात, अपघातातून वाचला होता हो, नंतर काय झालं कळलं नाही.

"जोशी, आपलं काम लई सोपं हाय," मॅडम म्हणाल्या. "पेशींना हाक मारायची. ओ देतात का बघायचं."

हाक म्हणजे जंतूच्या सालीचा अगदी बारीक अंश. तो रक्तात टाकला की जाग्या पेशी एक रसायन सोडून बोंब ठोकतात. ते रसायन मोजायचं. आमच्या प्रयोगशाळेची भाषाच त्यामुळे वेगळी झाली होती. चहा पिताना कोणी विचारायचं, "खिडकीजवळच्या मावशींनी ओ दिली का?" आणि दुसरा सांगायचा, "आज दिली. बारीक आवाजात, पण दिली." नियमाप्रमाणे नळ्यांवर फक्त सांकेतिक अक्षरं असायची, पण मॅडमच्या तोंडी माणसंच असायची. बिडकीनचा मोटारसायकलवाला, छावणीतल्या भाजलेल्या ताई, स्लॅबवरून पडलेला गवंडी.

मॅडम मूळच्या वैजापूर तालुक्यातल्या, शेतकरी घरातल्या. घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. पीएच.डी. झाली तेव्हा गावानं सत्कार केला आणि त्याच भाषणात सरपंचांनी लग्नाचं कधी जमवताय असं वडलांना विचारलं, हे त्या स्वतःच सांगायच्या. लग्न जमलं नाही, किंवा जमवलं नाही. त्याबद्दल विचारायची छाती कोणाची नव्हती. नोकरी मात्र कायम अकरा महिन्यांच्या कराराची. दरवर्षी तोच अर्ज, तीच मुलाखत, समोर तेच सर. प्रयोगशाळा त्यांनी उभी केली होती, पण दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव नव्हतं, कारण करारावरच्या माणसाचं नाव पाटीवर घालत नाहीत.

सगळ्या कॉलेजात त्यांच्याविषयी एक गोष्ट पसरली होती. त्यांचा भाऊ म्हणे मळणीयंत्रात सापडला, जखम भरत आली आणि मग तापानं गेला, म्हणून त्यांनी या विषयाला वाहून घेतलं. सोनवलकर सर पाहुण्यांना ही गोष्ट फार हळव्या आवाजात सांगत. एकदा बाहेरगावचे दोन प्राध्यापक आले असताना ती सांगून होतेय तोच दारात फेटेवाला रांगडा गडी उभा राहिला, खांद्यावर गव्हाचं पोतं. मॅडमनी मान वर केली. "या, दत्तूभाऊ. सर, हाच तो मेलेला."

खोलीत कोणी हसायचं धाडस करेना. दत्तूभाऊंनी पोतं खाली टेकवलं आणि दोन बोटं नसलेला हात दुसऱ्या हाताला जोडून सगळ्यांना नमस्कार केला. यंत्रात बोटंच गेली होती, बाकी गडी ठणठणीत.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "मग तुम्ही या विषयात कशा आलात?"

"जागा निघाली व्हती," मॅडम म्हणाल्या. "बेडकाच्या पायावर निघाली असती तर बेडकाच्या पायावर काम केलं असतं. माणसानं खामखा कशाला स्वतःची पोथी लिहून घ्यायची?"

त्यांच्या हाताखाली काम करणं सोपं नव्हतं. कौतुक करणं त्यांना जमतच नसे. एकदा माझे आकडे इतके सुरेख आले की मी आलेख रंगीत छापून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "आकडा आपल्या बाजूनं बोलायला लागला की आधी त्याला दम द्यायचा." मग स्वतः नळ्या उबेत ठेवायच्या इन्क्युबेटरपाशी जाऊन दुसरा थर्मामीटर आत ठेवला. यंत्र जास्त तापत होतं. कित्येक आठवड्यांचं काम पाण्यात गेलं. मी रडले. त्या शेजारच्या स्टुलावर बसून राहिल्या, पाठीवर हात वगैरे काही फिरवला नाही. माझं रडणं आटोपल्यावर म्हणाल्या, "झालं? मग चल, नवीन नळ्या धुऊ."

बोलण्यातला ढिलेपणा त्यांना खपत नसे. मी एखादं वाक्य 'बहुतेक'नं सुरू केलं की त्या हात वर करत. "दिसलं असंल तर दिसलं म्हण. वाटलं असंल तर वाटलं म्हण. दोन्हीची खिचडी करू नको." त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात 'वाटलं' हा शब्द जवळजवळ नव्हताच.

मग भाऊसाहेब आले.

कन्नडजवळच्या एका गावचे, चाळिशीतले. स्वतःची पिकअप चालवायचे. घाटात गाडी उलटली आणि ते स्टेअरिंगखाली सापडले. मांडी, कंबरेचं हाड, बरगड्या, सगळं मोडलेलं. ऑपरेशनं झाली. आठवड्याभरात माणूस उशाला टेकून बोलायला लागला. बोलका इतका की वॉर्डातल्या सिस्टर त्यांच्या खाटेपाशी जरा जास्त रेंगाळायच्या. मॅडम रक्त घ्यायला गेल्या की त्यांचं ठरलेलं असायचं, "मॅडम, रोज रक्त नेता, परत कधी आणून देता?"

"चांगलं असतं तर दिलं असतं परत," मॅडम म्हणायच्या. आणि ते दोघंही हसायचे. मॅडमना हसताना मी फक्त त्याच खाटेपाशी पाहिलं.

त्यांची बायको मंदाबाई. ठेंगणी, सावळी, डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणारी. रक्त घ्यायच्या परवानगीच्या कागदावर सही करण्याआधी तिनं मॅडमना विचारलं होतं, "यानं ह्यांचा काही फायदा?" मॅडमनी सांगितलं होतं, "ह्यांचा नाय. पुढं कोणाचा तरी व्हईल." मंदाबाईनं थोडा विचार केला आणि सही केली.

भाऊसाहेबांच्या पेशी ओ देत नव्हत्या. आम्ही चाचणी पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा. मॅडमनी थर्मामीटर बदलून पाहिला, रसायनाची नवी बाटली फोडली, त्याच वेळी माझं रक्त काढून शेजारी लावलं. माझ्या पेशींनी बोंब ठोकली. भाऊसाहेबांच्या गप्प.

मॅडम सोनवलकर सरांकडे गेल्या. मी बरोबर होते. सर वॉर्डात राउंडवर होते आणि भाऊसाहेबांना खालच्या सामान्य वॉर्डात हलवायच्या कागदावर सही करत होते.

"सर, ह्यांना हलवू नका. ह्यांची प्रतिकारशक्ती बसलीय. वेगळं ठेवा, अंगाला लावलेल्या नळ्या लवकर काढा, जंतू वाढतात का बघायला रोज कल्चर पाठवा."

सर दुष्ट माणूस नव्हते, हे मला सांगायलाच हवं. त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, हा तुमच्या संशोधनाचा आकडा आहे. रिपोर्ट नाही. यावर मी उपचार ठरवू शकत नाही. आणि बाहेर डोक्याला मार लागलेली एक मुलगी स्ट्रेचरवर आहे, तिला खाट हवी आहे. तुम्ही सांगा, कोणाला देऊ?"

मॅडमनी मागं वळून पाहिलं. दारातून त्या मुलीचं स्ट्रेचर दिसत होतं. भाऊसाहेबांना खाली हलवलं. जाताना ते मॅडमना म्हणाले, "आता जिना उतरून यावं लागंल तुम्हाला."

सामान्य वॉर्डात चार-पाच दिवसांत ताप चढला. मग दम लागला, मग शुद्ध हरपत गेली. त्यांना पुन्हा वर आणलं तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम डबा घेऊन गेल्या, तर खाट रिकामी होती आणि मंदाबाई बोळात भिंतीशी उभी होती. बसली नव्हती, रडतही नव्हती. दीर आणि चार गावकरी कागदपत्रांसाठी धावत होते.

मॅडमना पाहून ती पुढं आली. मी मॅडमच्या मागेच होते.

"बाई, तुम्ही रोज रक्त नेत होता. तुम्हाला तर कळलं असंल?"

अशा वेळी काय बोलायचं असतं ते वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आमच्या हातात काही नव्हतं. देवाची मर्जी. मी मनातल्या मनात म्हणत होते, मॅडम, एवढंच म्हणा.

"व्हय," मॅडम म्हणाल्या. "धोका हाय हे कळलं व्हतं. मी डॉक्टरांना सांगितलं व्हतं."

मंदाबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. पण दिरानं ऐकलं होतं. पुढच्या तासाभरात काय झालं ते सविस्तर सांगत नाही. वॉर्डाच्या दाराची काच फुटली, एका इंटर्नला मार बसला, पोलीस आले, कोणीतरी व्हिडिओ काढला आणि तो संध्याकाळपर्यंत सगळ्या गावांत पोचला. त्यात, दिरानं पुन्हा विचारल्यावर मॅडमनी पुन्हा म्हटलेलं तेच वाक्य स्पष्ट ऐकू येत होतं.

चौकशी समिती नेमली गेली. समितीपुढे एक तयार मसुदा होता: सदर चाचणी प्रायोगिक असून तिच्या निष्कर्षांना वैद्यकीय अर्थ नाही, आणि नातेवाइकांशी बोलताना आपला गैरसमज झाला. खाली मॅडमच्या सहीची जागा. मलाही बोलावलं. वॉर्डात जे ऐकलं होतं ते मी सांगितलं. लिहून घेणाऱ्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलेलं होतं, ते त्यांनी उचललं नाही.

मॅडमनी सही केली नाही. दुपारी सोनवलकर सर स्वतः प्रयोगशाळेत आले. मी कोपऱ्यात काचसामान पुसत होते. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं नाही, इतके ते थकलेले होते.

"निकम मॅडम, एका सहीचा प्रश्न आहे. संस्थेची अब्रू आहे. मी शब्द देतो, तुमची जागा कायम करण्याचा प्रस्ताव मी स्वतः वर नेतो. इतकी वर्षं तुम्ही ज्याची वाट पाहिलीत..."

"सर, ह्या चाचणीला अर्थ नाय असं मी लिहू?"

"फक्त या केसपुरतं."

"एकाच माणसापुरता अर्थ कसा नसंल? नसंल तर कोणापुरताच नाय. मग आपण इतकी वर्षं काय केलं? ह्या कामावरचा पेपर कसा लिहिणार तुम्ही?"

सरांनी चष्मा काढून पुसला आणि ते निघून गेले. त्यांच्या मनातलं मला कधी कळलं नाही. त्यांनाही ते नीट कळलं असेल असं वाटत नाही.

मॅडमना कोणी काढलं नाही. करार संपला आणि नवा झाला नाही, इतकंच. निरोप समारंभ नव्हता. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळी काचभांडी धुतली, फ्रीझरमधला बर्फ खरवडला, कोणती नळी कोणत्या खणात आहे ते मला दाखवलं. टेबलाच्या खणात त्यांचा स्वतःचा म्हणून एक नॅपकिन आणि चण्याची पुडी निघाली. पुडी त्यांनी शिपायाला दिली.

"कोर्टात जा, मॅडम," मी म्हटलं. "आम्ही साक्ष देऊ."

"कशासाठी? करार संपला ते खरंच हाय की."

सरांनी वर्षभरात पेपर लिहिला. चांगल्या नियतकालिकात छापून आला, कॉलेजच्या फाटकावर फलक लागला. पहिलं नाव सरांचं. मॅडमचं नाव लेखकांत घालावं म्हणून मी भांडले, पत्रं लिहिली. करार संपलेल्या व्यक्तीचं नाव घालता येत नाही, असं मला सांगण्यात आलं. असा नियम कुठं आहे ते मात्र कोणी दाखवलं नाही. शेवटी आभाराच्या ओळीत त्यांचं नाव आलं, तेही आद्याक्षर चुकवून.

तो पेपर घेऊन मी वैजापूरला गेले. मॅडम तिथं मार्केट यार्डाजवळच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होत्या. साखर, हिमोग्लोबिन, टायफॉइड. बाकावर पाच-सहा माणसं बोटाला कापूस दाबून बसलेली. मला वाटलं होतं, आभाराची ओळ वाचून त्या भडकतील. त्यांनी ती वाचलीच नाही. सरळ आलेखाचं पान काढलं. गप्प पेशींचे ठिपके खाली, जाग्या पेशींचे वर. सगळ्यात खालच्या कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हा बघ, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "बरोबर ठिकाणी ठेवलाय."

मग नाव चुकल्याचं मीच दाखवलं. "चुकलं ते बरं झालं," म्हणाल्या, "कोणी ओळखणार नाय." तेवढ्यात बाकावरचा एक माणूस उठून आला आणि विचारायला लागला, "बाई, आमच्या आईचं काय निघालं?" त्याला त्यांनी रिपोर्टमधली ओळन्‌ओळ समजावून सांगितली. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "इथं लोक विचारतात तरी. औरंगाबादला इतकी वर्षं आकडे काढले, कोणी उठून विचारलं नाय, काय निघालं?"

इथं ही हकीकत संपली असती तर ती एका सरळ माणसावर झालेल्या अन्यायाची झाली असती, आणि मी ती अभिमानानं सांगितली असती. पण मंदाबाईनं ग्राहक आयोगात दावा लावला होता.

तिचा वकील तरुण, हुशार पोरगा होता. त्यानं मॅडमचं नाव मुख्य साक्षीदार म्हणून घातलं. त्याचा सगळा दावा त्यांच्यावर उभा होता. संस्थेनं काढलेली बाई, व्हिडिओतलं ते वाक्य, याहून भक्कम काय हवं? साक्षीच्या दिवशी सकाळी क्रांती चौकातल्या त्याच्या ऑफिसात आम्ही बसलो होतो. मंदाबाई खुर्चीच्या कडेला टेकली होती, बरोबर शाळेच्या गणवेशातली तिची मुलगी. वकील मॅडमना समजावत होता.

"तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, मॅडम. वर ठेवलं असतं तर ते वाचले असते."

"ते मला माहीत नाय."

"अहो, पण शक्यता..."

"शक्यता विचारा. सांगीन."

वकिलानं माझ्याकडे पाहिलं.

आयोगापुढं मॅडमनी सगळं सांगितलं. चाचणी, आकडे, वॉर्डात सरांना काय सांगितलं ते, शब्दन्‌शब्द. सरांच्या वकिलांनी सांगितलं, असं संभाषण डॉक्टरांना आठवत नाही. माझीही साक्ष झाली. तोवर सगळं ठीक चाललं होतं. मग संस्थेचे वकील उभे राहिले. वयस्कर, सौम्य, मॅडमशी फार आदरानं बोलणारे.

"निकम मॅडम, ही चाचणी उपचार ठरवण्यासाठी कुठं मान्य झाली होती का?"

"नाही."

"ज्यांच्या पेशी अशा गप्प असतात, ते सगळे दगावतात?"

"नाही. बरेच जगतात."

"मग या रुग्णाला त्याच खाटेवर ठेवलं असतं, तर तो वाचलाच असता, असं तुम्ही सांगू शकता?"

मॅडमनी टेबलाची कड धरली होती. मंदाबाई मागच्या बाकावर होती. तिला प्रश्न कळला होता. सगळ्यांनाच कळला होता.

"सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

वकिलांनी मान झुकवून आभार मानले आणि ते खाली बसले.

निकाल लागायला बराच काळ गेला, पण तो त्याच क्षणी लागला होता. निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असं त्यात लिहिलं होतं. निकालाच्या दिवशी मॅडम मुद्दाम वैजापूरहून आल्या होत्या. येऊ नका, असं मी फोनवर सांगितलं होतं.

मंदाबाई पायऱ्यांवर भेटली. ती ओरडली नाही. आवाज चढवलाही नाही. मुलीचा हात धरून ती मॅडमच्या समोर उभी राहिली.

"बाई, तुमच्या खऱ्यानं त्या दिवशी तुमची नोकरी गेली. आज माझी केस गेली. मग हे खरं हाय तरी कोणासाठी?"

मंदाबाईनं थोडी वाट पाहिली. खरंच वाट पाहिली, जणू काही उत्तर असेल तर तिला ते ऐकायचं होतं. मग ती पायऱ्या उतरून गेली.

मी मॅडमना रिक्षानं बसस्टँडवर नेलं. वैजापूरची गाडी लागली होती, पण त्या चढल्या नाहीत. फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर बसल्या.

"ती बरोबर बोलली," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, तुम्ही खोटं कसं बोलणार होतात?"

"खोटं नव्हतंच बोलायचं. मला वाटत व्हतं तेवढं सांगायचं व्हतं. मला वाटत व्हतं का तो वाचला असता. लई वाटत व्हतं, जोशी. आजही वाटतं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पण त्यांनी विचारलं, सांगू शकता का? आन् मी नाय म्हणले. वाटतं ते सांगायची मला सवयच नाय राहिली. प्रयोगशाळेत ठीक हाय ते. पण ती काय प्रयोगशाळा व्हती?"

मला त्यांचं म्हणणं खोडून काढायचं होतं. आयोगानं 'वाटतं'ला किंमत दिली नसती, हे मी म्हटलंही. त्यांनी ऐकून घेतलं. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा उठल्या, गाडीत चढल्या आणि खिडकीशी बसल्या. माझ्याकडे बघून हात हलवायची त्यांची पद्धत कधीच नव्हती, तेव्हाही हलवला नाही.

आता मी शहरातल्याच एका कॉलेजात शिकवते. सोनवलकर सर निवृत्त झाले, त्यांचा मोठा सत्कार झाला. त्या प्रयोगशाळेत आता दुसराच विषय चालतो. भाऊसाहेबांवर केलेली ती चाचणी आज त्या रुग्णालयात कोणी करत नाही. पेपर वाचून दूर कुठं कोणी करत असेल तर मला ठाऊक नाही.

मॅडम वारल्या त्या वैजापूरलाच, हृदयविकारानं, लॅबमधून घरी चालत जाताना. दत्तूभाऊंचा फोन आला, पण मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याच्या काही आठवडे आधी त्या माझ्याशी फोनवर शेवटचं बोलल्या होत्या. कधी नव्हे तो फोन त्यांनी आपणहून केला होता.

"कन्नडला जाऊन आले," त्या म्हणाल्या. "मंदाबाईकडं."

मला धक्का बसला. "काय म्हणाली?"

"काय म्हणंल? मी तिला सांगितलं, मला वाटतं तुझा नवरा वाचला असता. तिनं ऐकून घेतलं."

"मग?"

"आत गेली, तांब्याभर पाणी आणून दिलं. बसा म्हणली नाय."

"तुम्ही काय केलंत?"

"उभ्यानं पाणी पिले आन् आले," मॅडम म्हणाल्या. "बरोबर हाय तिचं. वखत गेल्यावर गेले व्हते मी."